लांबच्या विमानप्रवासात पाय मोकळे ठेवा

मागच्या महिन्यात मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाले, "कर्नलसाहेब, या वेळी सियाचीनवर बोला." मी म्हटलं, सियाचीनवर बोलणारे पुष्कळ आहेत. आपली ही व्याख्यानमाला कोण बघतं? इंदूर, ग्वाल्हेर, रायपूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथली आपली साठी-सत्तरीतली मंडळी. त्यांना सियाचीनला जायचं नाहीये. त्यांना नातवंडांकडे जायचंय, नेवार्कला नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोला. तेव्हा विमानात बसायचं कसं यावर बोलतो. सेक्रेटरी जरा गप्प झाले. बसायचं काय शिकवायचं, असं त्यांना वाटलं असणार. मलाही २०१८ पर्यंत तसंच वाटत होतं.

एक हिशेब सांगतो. आपल्या जबलपूरहून रेल्वेने मुंबईला जायला पंधरा-सोळा तास लागतात. मुंबईहून नेवार्कला थेट विमानाने जायलाही साधारण तेवढेच. तास तेच, पण रेल्वेतून उतरल्यावर आपण सामान उचलून सरळ दादरच्या पुलावर चढतो आणि विमानातून उतरल्यावर चपलेत पाय जात नाही. असं का? कारण रेल्वेत आपण बसून नसतोच. इटारसीला चहाला उतरतो. भुसावळला केळी घ्यायला दारापर्यंत जातो. रात्री बर्थवर आडवे होतो. पलीकडच्या डब्यात कुणी ओळखीचं आहे म्हणून गप्पा मारायला जातो. विमानात यातलं काहीच होत नाही. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा ते कैरोला थांबलं, जिनिव्हाला थांबलं. त्या थांब्यांवर माणसं खाली उतरत. पुढे विमानं सुधारली आणि आपले थांबे गेले. थेट उड्डाण म्हणून आपण जास्त पैसे देतो, पण त्यात आपलं मधलं चालणं कापलं जातं हे कुणी सांगत नाही. त्यात एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपल्या कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केल्यावर पश्चिमेकडची काही उड्डाणं आणखी लांबली.

आता २०१८ चं सांगतो. चूक माझी आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

ऑक्टोबर महिना. मुलगा एडिसनला, सुनेचं बाळंतपण झालेलं. आम्ही दोघं नेपियर टाऊनच्या घरातून निघालो, डुमनाहून मुंबई, मुंबईत सात तास बसून, मग नेवार्क. तीन जागांची ओळ. खिडकीशी आमच्या सौ., कारण "तुला बाहेरचं दिसेल" असं म्हणून मीच ती जागा घेतली होती. मध्ये मी, आणि कडेला एक तरुण मुलगा. विमान उडालं, जेवण झालं, दिवे मंदावले आणि तो मुलगा गाढ झोपला. दोन-तीन तासांनी सौ. म्हणाल्या, "अहो, मला जरा जायचंय." मी त्या मुलाकडे पाहिलं. त्याच्या समोरच्या पाटावर लॅपटॉप, मांडीवर पांघरूण, तोंड उघडं. मी म्हटलं, "थांब ना थोडं. झोपलाय बिचारा." त्या थांबल्या. नंतर पाणी आलं तेव्हा त्यांनी हाताने नको म्हटलं. पुन्हा आलं, पुन्हा नको. का नको ते मला कळलं होतं आणि मी काही बोललो नाही. मी स्वतः तर न हलता बसण्यात पटाईत. चंडीगडहून लेहला एएन-३२ मध्ये कडेच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस मी. त्याचा अभिमानही होता. सोळा तासांत सौ. दोनदा उठल्या, दोनदा.

तिसऱ्या दिवशी त्यांची डावी पोटरी दुखायला लागली. आम्हाला वाटलं गोळा आला असेल. संध्याकाळी पाय सुजला, हात लावला तर गरम. मी काय केलं? आपल्या घरात जे करतात तेच. खोबरेल कोमट करायला ठेवलं. सुनेने तेवढ्यात विम्याच्या मदतकेंद्राला फोन लावला होता. पलीकडच्या नर्सने पहिला प्रश्न विचारला, सूज एका पायाला आहे की दोन्ही? एका, असं सांगितल्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला, किती दिवसांपूर्वी विमानातून आलात? आणि मग म्हणाली, पाय चोळू नका, लगेच इमर्जन्सीत या. मी तेलाची वाटी हातात घेऊन उभा होतो.

सोनोग्राफीत पोटरीच्या वरच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी जागेवर राहिली तर पाय सुजवते. तिचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो, आणि मग माणूस दगावूही शकतो. मी चोळलं असतं तर काय झालं असतं, असं मी त्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बरं झालं चोळलं नाहीत." एवढंच म्हणाले. रक्त पातळ करणारं औषध तीन महिने चाललं. नातीला मांडीवर घेण्यासाठी गेलेली बाई पाय उशीवर ठेवून बसली आणि तिची सेवा बाळंतिणीने केली.

मला जे लागलं ते हे की मला हे माहीत असायला हवं होतं. बत्तीस वर्षं सिग्नल्समध्ये काढली. जम्मूहून श्रीनगरला कॉन्व्हॉय न्यायचो तेव्हा ठरल्या वेळी हॉल्ट व्हायचा आणि जेसीओ गाड्यांच्या बाजूने ओरडत जायचा, "उतरो, पाँव खोलो!" झोपलेल्या जवानालाही खाली उतरवायचा. तिथे कुणी म्हणत नसे की झोपलाय बिचारा. परेडवरही तेच. सावधानमध्ये बराच वेळ उभं राहिलं की एखादा तगडा जवान उभ्याउभ्या कोसळतो. म्हणून उस्ताद शिकवतात, बुटात बोटं हलवत राहा, पोटरी आवळत राहा, बाहेरून कुणाला दिसणार नाही.

याचं कारण साधं आहे. रक्त पायात खाली जातं ते हृदयाच्या जोराने. वर येतं ते पोटरीच्या स्नायूंनी. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शिर दाबली जाते, रक्त वर ढकललं जातं, आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. तुम्ही बसून राहिलात की हा पंप बंद. वर खुर्चीची कड मांडीच्या मागे दाबत असते. आमच्या सौ. चार फूट अकरा इंच. त्यांचे पाय विमानाच्या खुर्चीत जमिनीला नीट टेकतच नाहीत. म्हणजे दाब आणखी. विमानातल्या खुर्च्या काही आपल्या मावश्या-काकूंची मापं घेऊन केलेल्या नाहीत.

आणि हे विमानामुळेच होतं असंही नाही. १९४० साली लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र-रात्र तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. त्या काळात फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू एकाएकी वाढलेले कीथ सिम्प्सन या डॉक्टरांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. बॉम्बपासून वाचलेली माणसं खुर्चीने मारली, असंच म्हणायचं. उपाय काय, तर खुर्च्यांऐवजी झोपायला फळ्या. १९५४ मध्ये जॉन होमन्स या अमेरिकन सर्जननी लांबच्या प्रवासात बसून राहिल्याने झालेल्या गुठळ्या नोंदवल्या, त्यात विमानप्रवासही होता. लोक याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणतात, पण ते खरं नाही. बिझनेस क्लासमध्ये न हलता बसलात तरी तेच. बसमध्ये, मोटारीत, तेच.

आता घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा अहवाल दिला. चार तास किंवा जास्त बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात आहे. पण दुप्पट होऊनही तो किती, तर सुमारे सहा हजारांत एक. म्हणजे तिकीट रद्द करायचं कारण नाही. मात्र ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, नुकतंच ऑपरेशन झालं आहे, कॅन्सरचे उपचार चालू आहेत, वजन बरंच जास्त आहे, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, किंवा जे खूप बुटके वा खूप उंच आहेत, त्यांचा आकडा वेगळा. त्यांनी जायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. शेजाऱ्यांना नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट तिकिटाच्या वेळी. आइलची जागा, म्हणजे वाटेकडेची. खिडकीतून सोळा तासांत दिसतं काय? सुरुवातीची दहा मिनिटं आणि शेवटची दहा. मधे ढग नाहीतर काळोख. दोघं असाल तर वाटेच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, अशी घ्या. गप्पा मारता येतात आणि कुणाच्या झोपेवर आपलं अवलंबून राहत नाही. मुलं तिकीट काढतात, त्यांना हे आधीच सांगा. जागेसाठी जादा पैसे पडतात म्हणून आपण संकोचतो, आणि त्याच मुलांसाठी दोन किलो खव्याची जलेबी बडोद्याच्या पाहुण्यांमार्फतही पाठवायला तयार असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता दहा ते वीस टक्के. मे महिन्यातली आपली जबलपूरची दुपार आठवा. ओठ फुटतात, नाक आतून सुकतं, डोळे चुरचुरतात. म्हणून घोटघोट पाणी पीत राहायचं. पण माझं मत विचाराल तर पाण्याचा मोठा फायदा दुसराच आहे. पाणी प्यायलं की उठावं लागतं. आपल्या बायका नेमकं उलट करतात, उठावं लागू नये म्हणून पाणी बंद. लग्नाच्या वऱ्हाडात, बसमध्ये, सगळीकडे हेच करत आल्या आहेत. ही सवय विमानात महागात पडते. चहा-कॉफी एखाद-दुसरी चालेल. दारूचं म्हणाल तर फौजी माणूस असूनही सांगतो, तिथे नको. फुकट मिळते म्हणून घेतलेले दोन पेग माणसाला वेड्यावाकड्या अवस्थेत सहा तास निपचित पाडतात. झोपेच्या गोळीचंही तेच. झोप हवी, पण न हलणारी झोप नको. आणि गुठळी होऊ नये म्हणून आपल्या मनाने ॲस्पिरिन घेऊन निघू नका.

तिसरं, कदमताल. खुर्चीत बसूनच. टाचा जमिनीवर, चवडे वर. मग चवडे जमिनीवर, टाचा वर. पोटरी आवळलेली कळली पाहिजे. वीस-तीस वेळा, दर अर्ध्या तासाने जागे असाल तेव्हा. घोटे गोल फिरवा. गुडघा छातीकडे उचला. आणि तासा-दीड तासाने उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत जाऊन या. तिथे दोन मिनिटं उभं राहून टाचा उचला. पट्ट्याचा दिवा लागला असेल तर मात्र मुकाट्याने बसा. हवेच्या खड्ड्यात उभ्या माणसाचं डोकं छताला आपटतं. समोरच्या खुर्चीखाली मोठी पिशवी कोंबू नका, पाय पसरायला तेवढीच जागा असते. फक्त ज्यांचे पाय टेकत नाहीत त्यांनी एखादी सपाट छोटी बॅग पायांखाली घ्यावी.

मोजे. सर्जिकलच्या दुकानात व्हेरिकोज व्हेनचे मोजे म्हणून मागा, गुडघ्याखालपर्यंतचे. घोट्याजवळ जास्त घट्ट, वर कमी, अशी त्यांची वीण असते. पायाला नेहमीच्या मोज्यांची रबरं करकचून लावणं म्हणजे हे नव्हे, ते उलट वाईट. माप सकाळी घ्या, पाय सुजायच्या आधी, घोट्याचं आणि पोटरीचं, टेपने. ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्या हे उपयोगाचं. पण मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असेल, किंवा पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका.

पोटाचं थोडक्यात. विमान पस्तीस हजार फुटांवर असतं तेव्हा आतली हवा जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवतात. नव्या विमानांत, ड्रीमलायनर किंवा ए-३५० मध्ये, सहा हजारांच्या आसपास. म्हणजे तुम्ही सोळा तास साधारण शिमल्याच्या आसपासच्या उंचीवर बसलेले असता. फौजेत लेहला उतरलेल्या जवानाला आम्ही पहिले दोन दिवस नुसता आराम द्यायचो. शिमल्याला तेवढी गरज नाही, पण ज्यांना दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार आहे, हृदयाचा झटका नुकताच येऊन गेला आहे, त्यांना ही विरळ हवा जाणवते. हवा विरळ झाली की पोटातला वायू फुगतो, साधारण तीस टक्क्यांनी. निघताना विमानतळावर छोले-भटुरे आणि वर कोल्ड्रिंक घेतलंत तर ते फुगणं तुमच्याबरोबर अमेरिकेपर्यंत येतं. मऊ दहीभात खाऊन निघावं. शाकाहारी जेवण आधी नोंदवून ठेवायचं, ऐनवेळी मागितलं तर मिळेलच असं नाही. आणि तिथलं जेवण बेचव लागलं तर स्वयंपाक्याला नावं ठेवू नका, कोरड्या हवेत आपली जीभच बोथट होते.

औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. इन्सुलिन तर सामानात मुळीच टाकू नका, खाली गोठू शकतं. नेवार्कला वेळा साडेनऊ-साडेदहा तासांनी सरकतात तेव्हा डोस कधी घ्यायचा हे इथूनच लिहून न्या. झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून लावा, नाहीतर हवाई सुंदरी तो बघायला तुम्हाला उठवणार. कमरेच्या पोकळीत एक छोटा टॉवेल गुंडाळून ठेवला की मानेच्या त्या फुगवायच्या उशीपेक्षा जास्त बरं वाटतं, असा माझा अनुभव. विमान उतरायला लागलं की जागे व्हा आणि आवंढे गिळा, कान दुखत नाहीत.

व्हीलचेअरबद्दल बोललं की काही जण रागावतात, तरी बोलतो. आपल्याकडे बरेच जण चालता येत असून व्हीलचेअर घेतात. इंग्रजी अडतं, विमानतळ मोठा, कुठे जायचं कळत नाही. अडचण खरी आहे, मी हसत नाही. पण मग मुंबईत सात तास खुर्चीत, विमानात सोळा तास खुर्चीत, नेवार्कला पुन्हा खुर्चीत, असा हिशेब होतो. गुडघे साथ देत असतील तर माणूस बरोबर घ्या आणि चाला. निदान गेटपाशी बसल्यावर तरी उठून फेऱ्या मारा.

उतरल्यावर दोन्ही घोटे थोडे सुजले तर काळजी नाही, एक-दोन दिवसांत उतरतात. एकच पाय सुजला, दुखला, गरम किंवा लाल झाला, तर थांबायचं नाही. दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर एक मिनिटही नाही. हे प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना "मी विमानातून आलो" हे आपणहून सांगायचं. आणि पाय चोळायचा नाही. तेल नाही, मालिश नाही, गरम विटेचा शेक नाही. विमा काढताना जुने आजार लपवू नका, इतकंच आणखी सांगतो. आमचा होता म्हणून निभावलं.

२०२२ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. सौ. जायला तयार नव्हत्या. नात व्हिडिओवर "आजी, कधी येणार" विचारायची आणि या विषय बदलायच्या. शेवटी इथल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्यांच्यासाठी प्रवासाचं वेगळं औषध लिहून दिलं. ते कोणतं हे मी सांगणार नाही, कारण ते त्यांच्या रक्तासाठी होतं, तुमच्या नाही. या वेळी आम्ही दिल्लीहून गेलो आणि मधे युरोपात तीन तासांचा थांबा मुद्दाम घेतला. तिथे आम्ही दोघं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा चाललो.

पण दुसऱ्या विमानात जागा बदलल्या गेल्या आणि सौ. पुन्हा खिडकीशी. शेजारी दोन अनोळखी, मी चार ओळी मागे. दिवे मंदावल्यावर मी उठून त्यांच्या ओळीपाशी गेलो, म्हटलं कडेच्या माणसाला मी सांगतो. तोवर सौ. उभ्या होत्या. मधल्या मुलीच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणत होत्या, "बेटा, ज़रा उठना पड़ेगा." ती मुलगी दचकून उठली, डोळे चोळत म्हणाली, "आंटी, मुझे भी जाना था, इनको कैसे उठाऊँ यही सोच रही थी." मग त्या दोघींनी मिळून कडेच्या गृहस्थांना उठवलं. मी वाटेत उभा होतो, मला म्हणाल्या, "अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा, आम्हाला जाऊ द्या."

आता प्रश्न घेऊ. बेळगावहून एका ताईंनी विचारलंय, नऊवारीत हे मोजे घालता येतात का. येतात, फक्त नेसायच्या आधी घाला.